असूनही

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या आमच्या मिनीॲपोलिस शहरात ट्विन सिटीज मॅरेथॉन असते. काही वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी आणि माझी नऊ वर्षांची लेक धावणाऱ्यांना टाळ्या वाजवण्यासाठी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. शर्यतीचा तिसरा मैल आमच्यापासून फार दूर नव्हता. हवेत चांगलाच गारठा होता, मेपलची पाने निम्मी झाडावर आणि निम्मी पायाखाली होती, आणि हजारो बुटांचा तो सलग चालणारा आवाज ऐकताना पत्र्यावर पडणाऱ्या पावसाची आठवण येत होती. त्या आवाजातून मधूनच एक खोल, घुमणारा पितळी सूर येत होता. थोडे पुढे गेल्यावर दिसले की एक उंच, वयस्क, कृष्णवर्णीय गृहस्थ अंगाभोवती वेटोळे घालणारा भला मोठा सूसाफोन घेऊन उभे आहेत आणि येणाऱ्या प्रत्येक घोळक्यासाठी तो मनापासून फुंकत आहेत. धावणाऱ्यांपैकी बरेच जण त्यांना ओळखत होते आणि हात हलवत पुढे जात होते. लेकीने विचारले, "आई, हे कोण?" मी अगदी सहज उत्तर दिले, "हे ॲलन पेज. फुटबॉलपटू असूनही ते पुढे मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले."

ती म्हणाली, "असूनही म्हणजे काय?"

तिचे मराठी घरातल्या घरात वाढलेले आहे, त्यामुळे असे शब्द अधूनमधून अडतात. मी उदाहरणे दिली: पाऊस असूनही आपण बाहेर गेलो, ताप असूनही तू शाळेत गेलीस. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग फुटबॉल म्हणजे ताप असतो का?" तेवढ्यात धावणाऱ्यांचा एक मोठा लोंढा आला, ती हातातली घंटा वाजवू लागली आणि तिच्यापुरता विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो संपला नाही. घरी येऊन चहा टाकला तरी ते वाक्य डोक्यात फिरत राहिले, कारण ते मी जुळवलेले नव्हते. ते माझ्या तोंडात तयारच होते. ज्या माणसाविषयी मला अपार आदर आहे त्याची ओळख मी माझ्याच मुलीला अशा शब्दात करून दिली होती, ज्यातून त्याचे अर्धे आयुष्य दुसऱ्या अर्ध्याच्या वाटेतला धोंडा ठरत होते.

हा शब्द कुठून आला ते मला ठाऊक आहे. इस्लामपूरजवळच्या आमच्या आजोळी थोरले मामा कबड्डी खेळायचे. उजवा कोपरा सांभाळायचे, घोट्याची पकड ही त्यांची खासियत होती, आणि त्या पकडीपायी त्यांच्या एका हाताचे मधले बोट कायमचे वाकडे झाले होते. जेवताना वरणभात कालवताना ते बोट ताटापासून दूर, निराळ्याच दिशेला उभे राहायचे आणि आम्ही मुले त्याकडे टक लावून बघायचो. घरात मामांचा विषय निघाला की आजी एकच वाक्य म्हणायची: "एवढा कबड्डीच्या नादी लागलेला असूनही बँकेत चिकटला हो माझा लेक." बँकेत ते खेळाडूंच्या कोट्यातून लागले होते, बँकेच्या संघासाठीच त्यांना घेतले होते, हे मला कळले तेव्हा मी कॉलेजात होते. म्हणजे नोकरी कबड्डी असूनही मिळाली नव्हती, कबड्डीमुळेच मिळाली होती. पण आजीने वाक्य बदलले नाही, आणि मामांनीही तिला कधी दुरुस्त केले नाही.

पेज यांच्या बाबतीत तर काळाचा क्रमसुद्धा माझ्या वाक्याच्या उलटा आहे. ते १९४५ साली ओहायोतल्या कँटन येथे जन्मले. पोलादाचे कारखाने असलेले ते गाव. तिथल्या कृष्णवर्णीय मुलाला आपण पुढे काय करणार हे विचारावे लागत नसे, कारखान्याचे फाटक समोरच असे. या मुलाने मात्र प्राथमिक शाळेत असतानाच वकील व्हायचे ठरवले होते. फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, नंतर आला, हायस्कूलमध्ये. त्याच कँटनमध्ये १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे नामवंत खेळाडूंचे स्मृतिदालन, उघडले, आणि त्या इमारतीच्या बांधकामावर पेज यांनी मजुरी केली होती. ही गोष्ट इथे फार आवडीने सांगितली जाते, कारण पंचवीस वर्षांनी त्याच इमारतीत त्यांचा अर्धपुतळा बसला. मला मात्र त्यातला अठरा वर्षांचा मजूर जास्त दिसतो. बांधकामाच्या धुळीत उभा असलेला, ज्याला वकील व्हायचे आहे आणि ज्याच्याकडे त्या घडीला एक दणकट शरीर आहे. पुढे नोटर डेम विद्यापीठात ते फुटबॉल शिष्यवृत्तीवर गेले, १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात खेळले, राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि १९६७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाने त्यांना खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत निवडले.

मी या देशात आले तेव्हा अमेरिकन फुटबॉल मला मुळीच कळत नव्हता. माणसे एकमेकांवर आदळतात आणि थांबतात, पुन्हा आदळतात आणि थांबतात, एवढेच दिसायचे. पेज यांच्या जुन्या सामन्यांचे तुकडे मी हा लेख मनात घोळत असताना पुन्हा पुन्हा पाहिले, आणि पहिल्यांदाच मला चेंडूऐवजी एका माणसाकडे बघता आले. डिफेन्सिव्ह टॅकल हा बचावफळीच्या मधोमध असतो. समोर त्याच्यापेक्षा वजनदार माणसे उभी असतात. तो वाकतो, एका हाताची बोटे जमिनीवर टेकवतो, आणि समोरचा चेंडू हलेपर्यंत पुतळ्यासारखा स्थिर राहतो. चेंडू हलला की बहुतेक टॅकल समोरच्या माणसाशी झुंज घेतात. ८८ क्रमांकाचे पेज मात्र ती झुंज सुरू व्हायच्या आतच पलीकडे पोचलेले असतात. समोरच्याचे हात वर येतात ते जिथे पेज होते त्या जागेवर, आणि पेज तोवर क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हाती घेऊन चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या, अंगावर असतात. हे ताकदीचे काम नव्हेच. चेंडू निघायच्या आधी समोरच्याच्या पायावर कुठे भार आहे, बोटांची नखे पांढरी पडली आहेत का, नजर कुठे वळते, हे सगळे ओळखायचे आणि त्यावर एका निमिषात निर्णय घ्यायचा. मामांना मी हे दाखवले असते तर त्यांनी लगेच ओळखले असते. चढाई करणाऱ्याच्या पायाकडे बघायचे, चेहऱ्याकडे नाही, असे ते आम्हाला अंगणात शिकवायचे.

ते सामने ब्लूमिंग्टनच्या उघड्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमवर होत. डिसेंबरात तिथली जमीन दगडासारखी होई, आणि प्रशिक्षक बड ग्रँट खेळाडूंना कडेला शेगडी लावू देत नसत. त्या गोठलेल्या जमिनीवर टेकवलेली ती बोटे मला राहून राहून आठवतात. आज त्या जागी मॉल ऑफ अमेरिका आहे. इथे आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात, बाहेर उणे वीस तापमान असताना, लेकीला बाबागाडीत घालून मी त्या मॉलमध्ये तासन्‌तास फिरत असे, आतल्या आकाशपाळण्यांचा गोंगाट ऐकत, घरच्या आठवणीने व्याकूळ होत. आपण कुणाच्या मैदानावर चालतो आहोत हे तेव्हा माहीत नव्हते.

पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या चौघांच्या फळीला 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणत, आणि 'क्वार्टरबॅकपाशी भेटू' हे त्यांचे बोधवाक्य होते. पेज यांच्या काळात व्हायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेले आणि चारही वेळा हरले. इथली जुनी माणसे अजून त्या पराभवांविषयी घरातल्या दुःखाविषयी बोलावे तशा आवाजात बोलतात. १९७१ मध्ये पेज यांना एनएफएलचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, सर्वात मौल्यवान खेळाडू ठरवण्यात आले. बचावफळीतल्या खेळाडूला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्यानंतर फक्त एकदा, १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर यांना, तो मिळाला. पंधरा हंगामांत त्यांनी २१८ सामने सलग खेळले, एकही चुकवला नाही. क्वार्टरबॅकला चेंडूसकट लोळवणे याला सॅक म्हणतात. जुन्या चित्रफिती तपासून पेज यांच्या नावावर असे १४८ च्या वर सॅक मोजले गेले आहेत, पण अधिकृत नोंदीत त्यांच्या नावासमोर एकही नाही, कारण लीगने सॅक मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये आणि पेज निवृत्त झाले १९८१ मध्ये.

चढायांचे गुण फळ्यावर लिहिले जात आणि पकडी बघणाऱ्यांच्या लक्षात राहत, असे मामा म्हणायचे.

व्हायकिंग्जमध्ये असताना एकदा बचावफळीच्या खेळाडूंना डावपेचांची वही मोठ्याने वाचायला सांगितले गेले. पेज यांच्या ध्यानात आले की बरोबरच्यांपैकी काहींना ते वाचताच येत नव्हते. ही माणसे शाळेतून, कॉलेजातून पुढे आलेली होती. त्यांना कुणीतरी वर्षानुवर्षे पुढे ढकलत आणले होते, कारण ती मैदानावर उपयोगी होती. मी शिक्षकांच्या घरात वाढले, आणि हा प्रसंग वाचला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. आपण 'खेळाडू असूनही शिकला' असे कौतुकाने म्हणतो तेव्हा त्याला शिकवायची जबाबदारी ज्यांची होती त्यांना आपण मोकळे सोडतो. खेळ त्याच्या शिक्षणाच्या आड आला नव्हता. त्याला वाचायला न शिकवता वरच्या वर्गात पाठवणारी माणसे आड आली होती.

स्वतः पेज यांची वाटही सरळ नव्हती, आणि हे मला फार धीर देणारे वाटते. कारकिर्दीच्या सुरुवातीला त्यांनी एका लॉ कॉलेजात नाव घातले आणि तीन आठवड्यांत सोडून दिले. काही वर्षांनी पुन्हा, या वेळी मिनेसोटा विद्यापीठात, ते दाखल झाले आणि खेळता खेळता १९७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी पूर्ण केली. त्याच सुमारास पत्नी डायॅन यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली, पेज त्यांच्याबरोबर धावू लागले, आणि ती आवड इतकी वाढली की टॅकलचे अवाढव्य शरीर उतरत उतरत सव्वादोनशे पौंडांच्या आसपास आले. प्रशिक्षकांना हे पसंत नव्हते. १९७८ च्या ऑक्टोबरात, हंगाम चालू असतानाच, व्हायकिंग्जने त्यांना सोडून दिले आणि शिकागो बेअर्सने नियमाप्रमाणे लागणारे शंभर डॉलर भरून त्यांना घेतले. त्याच वर्षी वकिलीची पदवी हातात आलेली, आणि त्याच वर्षी शरीराची किंमत शंभर डॉलर. पुढची तीनहून अधिक वर्षे ते शिकागोत खेळले, आणि १९७९ मध्ये त्यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. एनएफएलमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिलेच.

१९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला तेव्हा, परंपरेने प्रत्येक खेळाडू आपली ओळख करून देण्यासाठी जुना प्रशिक्षक किंवा सहकारी निवडतो, तिथे पेज यांनी मिनीॲपोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना बोलावले. ज्या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी मजुरी केली तिच्या पायरीवर उभे राहून ते मुलांना वाचायला शिकवण्याविषयी बोलले. त्याच वर्षी त्यांनी आणि डायॅन यांनी मिळून पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केले. या संस्थेची शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याला दरवर्षी स्वतःहून लहान शाळकरी मुलांना शिकवण्यासाठी वेळ द्यावा लागतो. मला ही अट शिष्यवृत्तीच्या पैशापेक्षाही महत्त्वाची वाटते.

न्यायमूर्तीपद त्यांना कुणी बहाल केले नाही. मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडणुकीने येतात, आणि १९९२ मध्ये पेज ज्या जागेसाठी उभे राहणार होते त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवून टाकली, म्हणजे निवडणूकच होऊ नये. पेज न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतःच्याच जागेचा प्रश्न असल्याने बाजूला होणे पत्करले, वेगळ्या न्यायाधीशांचे पीठ बसले, आणि त्या पीठाने निकाल पेज यांच्या बाजूने दिला. मग ते निवडणूक लढले, जिंकले, आणि १९९३ च्या जानेवारीत त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. २०१५ मध्ये सत्तराव्या वर्षी सक्तीने निवृत्त होईपर्यंत, बावीस वर्षे, ते तिथे होते. बो टाय लावलेला, मान किंचित झुकवून ऐकणारा त्यांचा फोटो मी बघते तेव्हा मला तोच माणूस दिसतो जो समोरच्या पायांवरचा भार वाचत असे. पहिल्या अर्ध्यात शरीर आणि दुसऱ्या अर्ध्यात बुद्धी, अशी त्यांची गोष्ट इथेही सर्रास सांगितली जाते. मला ती मान्य नाही.

इथे आणखी एक 'असूनही' आहे, जो मी त्या सकाळी उच्चारला नाही, पण आमच्या मराठी मंडळींच्या जेवणाच्या टेबलावर मी तो ऐकला आहे आणि गप्प बसले आहे. कातडीच्या रंगाविषयीचा. पेज आणि डायॅन यांनी अनेक वर्षे वर्णभेदाच्या काळातल्या वस्तू जमवल्या. २०१८ च्या आरंभी मिनीॲपोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्यांचे प्रदर्शन होते आणि मी ते पाहिले. गोऱ्यांसाठी वेगळे आणि काळ्यांसाठी वेगळे असे सांगणाऱ्या त्या पाट्या, आणि अब्राहम लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या वेळचे एक जुने कापडी फलक, ज्यावर 'अंकल एब, आम्ही तुम्हाला विसरणार नाही' असे लिहिले होते. पाट्यांपुढे मी भराभर सरकले, कारण पाणवठे आणि उंबरठे वेगळे ठेवणाऱ्या गावातून मी आले आहे आणि त्या पाट्यांची भाषा मला परकी नव्हती. त्या फलकापुढे मात्र बराच वेळ उभी राहिले. त्याच वर्षी, शरद ऋतूत, डायॅन गेल्या. नोव्हेंबरात पेज यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले. याच्या आदल्या वर्षी इथल्या एका मिडल स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन आपल्या शाळेचे नाव बदलून घेतले होते. डकोटा या इथल्या मूळनिवासी लोकांचा नायनाट करा किंवा त्यांना हाकलून द्या असे १८६२ मध्ये म्हणणाऱ्या गव्हर्नर रॅम्झी यांच्याऐवजी आता त्या शाळेवर जस्टिस पेज यांचे नाव आहे.

हे सगळे लिहिताना मनाचा एक कोपरा स्वस्थ बसत नाही. बचावफळीतला प्रत्येक माणूस इतक्या धडकांनंतर असा सुखरूप बाहेर येत नाही. डेव्ह ड्यूअरसन हेही नोटर डेमचेच, बचावफळीतलेच, आणि पेज शिकागोहून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी बेअर्समध्ये आलेले. २०११ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले, आणि आपला मेंदू अभ्यासासाठी द्यावा अशी चिठ्ठी ठेवली. त्या मेंदूत डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी होणारा सीटीई हा आजार आढळला. तेही हुशार होते, अर्थशास्त्राचे पदवीधर होते. मी माझे वाक्य खोडून 'फुटबॉलमुळे' असे लिहू म्हटले, तर ड्यूअरसन समोर येऊन उभे राहतात. शेजारच्या मुलाने शाळेच्या संघात नाव दिले तेव्हा त्याच्या आईने मला विचारले होते, आणि मला तिला काहीच सांगता आले नाही.

मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात लेकीने ग्रंथालयातून एक चित्रपुस्तक आणले. पेज यांनी आणि त्यांच्या मुलीने, केमी यांनी, मिळून लिहिलेले. पुस्तक त्यांच्या करंगळीविषयी आहे. मैदानावर निखळलेली ती करंगळी आज जवळजवळ काटकोनात बाहेर वळलेली आहे, आणि लहान मुले भेटली की सगळ्यात आधी तिच्याकडेच बघतात. न्यायमूर्ती झाल्यावरही त्याच हातांनी त्यांनी निकालपत्रे लिहिली असणार. लेकीने पुस्तक दोनदा वाचले, स्वतःची करंगळी वाकवून पाहिली आणि म्हणाली, "आपल्या आबांचंपण असंच आहे ना? व्हिडिओ कॉलवर दिसतं." मामांना ती आबा म्हणते. मी होकार दिला. तिने विचारले, "त्यांचं कशानं झालं?" मी म्हणाले, कबड्डीत. "कुठल्या मॅचमध्ये?"

मला माहीत नव्हते. चाळीस वर्षे ते बोट मी बघत आले होते.

त्या रात्री, तिकडे सकाळ उजाडली तेव्हा, मी मामांना फोन लावला. आधी गुडघ्याचे, पावसाचे, उसाच्या तोडीचे बोलणे झाले. मग मी विचारले, "मामा, एक विचारू का? तुमचं ते बोट कुठल्या सामन्यात मोडलं?" पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन कटला असेल असे वाटून मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी घसा खाकरला.

"कुठलं गं," ते म्हणाले, "उजव्या हाताचं का डाव्या?"